बंदरावरचा घोडा, डोंगरातली धार

समुद्रविहाराच्या मोठ्या आगबोटीवर सहकुटुंब जाणाऱ्या मंडळींपुढे, पहिले बंदर दिसण्याच्या कितीतरी आधी, सहलींची एक यादी ठेवली जाते. आणि बंदर जमैकाचे असो की मॉरिशसचे, त्या यादीत घोड्यावरची रपेट आणि धबधब्याचे दर्शन या दोन गोष्टी बहुधा शेजारी शेजारी, पुष्कळदा तर एकाच तिकिटात बांधलेल्या, आढळतात. मुलांना घोडा हवा असतो, सुनेला धबधबा हवा असतो, सासूबाईंना दोन्ही नको असतात, आणि कुटुंबप्रमुखाचे लक्ष बोट किती वाजता नांगर उचलणार याकडे लागलेले असते. हा सारा व्यवहार अगदी अलीकडचा, परदेशी आणि पैसेवाल्यांचा आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु बीड जिल्ह्यातील नारायणगडासारख्या, समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या, कोरड्या डोंगरमाथ्यावर उभे राहून या यादीकडे पाहिले, तर तिच्यातील घोडा आणि धबधबा हे दोघेही आपल्या मुलखाचे जुने रहिवासी आहेत असे ध्यानात येते. त्यांची आणि समुद्राची गाठ कशी व केव्हा पडली, एवढाच काय तो इतिहासाचा प्रश्न उरतो.

नारायणगड हा तटबुरुजांचा किल्ला नव्हे. बीड जिल्ह्यात आणि त्याच्या सीमेलगत नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड अशी जी स्थाने आहेत, त्यांच्यावर तोफा कधी चढल्या नाहीत. तिथे टाळ आणि पखवाज चढले. नगद नारायण महाराजांच्या नावाने ओळखले जाणारे हे स्थान भाविकांच्या तोंडी ‘धाकटी पंढरी’ आहे, आणि आषाढीच्या वेळी गडाची पालखी पंढरपुरास जाते. ज्यांनी पुढे भगवानगड उभारला ते भगवानबाबा याच गडाचे शिष्य, माणिकबाबांच्या हाताखाली तयार झालेले. अशा स्थानाशी ज्या कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ऋणानुबंध असतो, त्यांच्या मनात प्रवासाची एक कल्पना पक्की रुजलेली असते : प्रवास पायांनी करावयाचा असतो. आजारी, गरोदर, अतिवृद्ध यांच्यासाठी बैलगाडी आहे, क्वचित तट्टू आहे; पण धडधाकट माणसाने वारीला वाहनावर बसून जाणे म्हणजे पुण्याच्या हिशेबात परस्पर सूट मागण्यासारखे आहे.

आणि तरीही वारीत घोडा आहे, हे विशेष. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला सध्याचे स्वरूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी होते. लष्करी शिस्तीची माणसे, तंबू, जरीपटका, चोपदार यांची सवय असलेला माणूस भक्तिमार्गाला लागला म्हणजे काय घडते, त्याचे ही वारी उत्तम उदाहरण आहे. या सोहळ्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरदारांकडून घोडे येतात. त्यांतील एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा घोडा माउलींचा, आणि त्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही. रिंगणात हे दोन्ही घोडे वारकऱ्यांच्या कड्यातून धावत सुटतात, आणि त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. खोगीर घातलेला, सजवलेला, तोंडात लगाम असलेला आणि तरीही रिकामा असा घोडा पाहण्यासाठी लक्षावधी माणसे उन्हापावसात उभी राहतात. ज्या प्रदेशातील श्रद्धेने घोड्याला असे रिकामे ठेवून मोठे केले, त्या प्रदेशातील माणसाला अर्ध्या तासाच्या भाड्याने घोड्यावर बसताना थोडे अवघडल्यासारखे झाले, तर त्यात नवल नाही.

याचा अर्थ या मुलखाला स्वारीचा घोडा अपरिचित होता, असा मात्र करू नये. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील राक्षसभुवन हे गाव, आज गेवराई तालुक्यातील शनीचे क्षेत्र म्हणून लोकांना ठाऊक असलेले, १० ऑगस्ट १७६३ रोजी घोडदळाच्या एका मोठ्या संग्रामाचे ठिकाण होते. ऐन पावसाळ्यात गोदावरीला पूर आलेला, निजामअलीची निम्मीशिम्मी फौज पैलतीरी उतरून गेलेली, आणि दिवाण विठ्ठल सुंदर मागील फौजेनिशी अलीकडच्या तीरावर अडकलेला, अशा स्थितीत मराठ्यांनी त्याला गाठले. राघोबादादा वेढ्यात सापडले असता तरुण माधवरावाने त्यांना सोडविले, विठ्ठल सुंदर पडला, आणि पैलतीरावरचा निजाम पुराकडे पाहत बसण्यापलीकडे काही करू शकला नाही. पुढे बत्तीस वर्षांनी, ११ मार्च १७९५ रोजी, जामखेडजवळच्या खर्ड्याच्या मैदानात पुन्हा याच दोन सत्तांचा सामना झाला. या दोन्ही लढायांत बालाघाटाच्या आसमंतातील किती गावांतून किती तट्टे गेली असतील, त्याची गणती कोणत्या दफ्तरात सापडेल असे वाटत नाही. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. आणि या दोन शब्दांतील अंतर म्हणजेच मालकी आणि चाकरी यांतील अंतर होते. शिलेदाराचा घोडा रणात पडला, तर त्याची अर्धी दौलत पडली.

अशा माणसाची घोड्याची निवड ही सहलीची निवड नव्हती. जनावर पाहताना तो आधी अंगावरचे भोवरे पाही. मानेखालचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी मिळाला तर आनंदीआनंद. या लक्षणांतील किती शास्त्र आणि किती कल्पना, याचा निवाडा शालिहोत्राच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथांनीही सगळा केलेला नाही. पण भोवऱ्यांच्या निमित्ताने घोड्याच्या अंगावरून बोटे फिरत, आणि ती बोटे फिरताना जखम, सूज, तंगाने सोललेली कातडी, दबकणारा पाय हे सारे आपोआप तपासून होई, हे त्या शास्त्राचे खरे मोल असावे. मग चाल पाहावयाची. रहवाल चालीचा घोडा लांबच्या मजलेला बरा, कारण स्वाराची कंबर मोडत नाही. दुडक्या चालीने पोट हलते. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू दिसायला ठेंगणे, पण काटक, दगडाधोंड्यांतून पाय न चुकविणारे आणि मिळेल त्या वैरणीवर दिवस काढणारे म्हणून नावाजलेले होते. दिसण्यावर जाणारा त्याला नापसंत करी आणि घाटात पस्तावे.

भारी घोडा मात्र या मातीतला नव्हता. तो समुद्रावरून येत असे. इराण आणि अरबस्तानातील घोडे गलबतांत भरून चौल, दाभोळ, गोवे या बंदरांत उतरविले जात, आणि तिथून घाट चढून बहामनी, निजामशाही, आदिलशाही यांच्या पागांत पोचत. १५१० मध्ये गोवे हाती आल्यावर पोर्तुगिजांनी ज्या व्यापाराची नाडी प्रथम आवळून धरली, त्यात घोड्यांचा व्यापार मुख्य होता. या व्यापारातील एक लहानसा, पण मोठा गमतीचा प्रसंग १४७० च्या सुमाराचा आहे. रशियातील त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी, वाटेत लुटला गेलेला आणि घरी रिकाम्या हाताने परतण्याची लाज वाटणारा, होर्मुझहून एक घोडा बरोबर घेऊन गलबतावर चढला आणि चौलला उतरला. एकच घोडा, आणि त्याच्यावर सारी आशा! पावसाळा सुरू झाला म्हणून तो जुन्नरला अडकून पडला. तिथल्या सुभेदाराने, हा परका माणूस मुसलमान नाही असे कळताच, घोडा जप्त केला आणि धर्म बदलशील तर घोडा परत देईन, अशी अट घातली. बिचारा निकितिन हवालदिल झाला. पण एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केली, धर्मही राहिला आणि घोडाही परत मिळाला. पुढे बिदरला तो विकावा लागला. या मुलखात घोडे निपजत नाहीत, ते बाहेरून येतात, आणि त्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य चारतात, ही नोंदही त्याने करून ठेवली आहे. चौलजवळ रेवदंड्यास आज या निकितिनाचे स्मारक आहे.

निकितिनाच्या त्या काळी गलबतातून घोडा उतरत असे आणि किनाऱ्यावर त्याची वाट पाहणारी माणसे असत. आज बोटीतून माणसे उतरतात आणि किनाऱ्यावर घोडा त्यांची वाट पाहत उभा असतो. मधल्या साडेपाचशे वर्षांत ही जी उलटापालट झाली, तिच्यात घोड्याची किंमत दरबारातून उतरून तासाच्या भाड्यावर आली. पण तिथवर जाण्याआधी धबधब्याकडे वळले पाहिजे.

बीड जिल्ह्यात पाऊस वर्षाकाठी सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. महाबळेश्वरला तो साडेपाच-सहा हजारांच्या घरात. त्यामुळे नारायणगडाच्या भोवतालच्या प्रदेशात धबधबा ही बारमाही वस्तू नाही, तो एक प्रसंग आहे. बालाघाटाचा माथा सपाट आणि कडा एकदम तुटलेला, खडक काळ्या बेसाल्टचा. माथ्यावर पडलेले पाणी ओढ्यांनी कडेला येते आणि खाली कोसळते, आणि माथा कोरडा झाला की कड्यावर शेवाळाची काळी रेघ तेवढी शिल्लक राहते. पाटोदा तालुक्यातील सौताड्याला विंचरणा नदी अशीच एका खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. बीडपासून मांजरसुंब्याच्या बाजूला कपिलधार आहे. तिथे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आणि तिच्या लगतच डोंगरावरून पडणारी धार. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या या सत्पुरुषाच्या समाधीला कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते, आणि मराठवाड्यातून तसेच कर्नाटकातून दिंड्या येतात. इथे एक बारीकशी विसंगती आहे. धबधबा भरात असतो तो श्रावण-भाद्रपदात, परतीच्या पावसाने जोर केला तर आश्विनापर्यंत. यात्रा आहे कार्तिकात, धार बारीक झाल्यावर. ज्याला पाणी पाहावयाचे, त्याने यात्रेआधी यावे. ज्याला स्वामींचे दर्शन घ्यावयाचे, त्याने पाण्याची फारशी अपेक्षा ठेवू नये. पूर्वीच्या कुटुंबांत याविषयी मतभेद होण्याचे कारणच नव्हते, कारण धबधबा पाहण्यासाठी म्हणून घराबाहेर पडण्याची चाल नव्हती. भाद्रपदात शेतात खुरपणी उरलेली असे आणि ओढ्यांना पाणी असे. तीर्थ म्हणून त्या धारेखाली डोके धरावयाचे, एवढाच तिचा उपयोग. तिच्यासमोर नुसते उभे राहून ‘अहाहा’ म्हणणे ही नंतरची विद्या आहे.

ती विद्या या देशात कोणी रूढ केली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे आपण नेमके मुंबईच्या बंदरावर येऊन उभे राहतो. आगबोटीतून उतरून, घोड्यावर बसून, धबधबा पाहण्यास जाणे या त्रिवेणी व्यवहाराचा महाराष्ट्रातील सर्वांत जुना व स्पष्ट दाखला महाबळेश्वरच्या सागरी वाटेचा आहे. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला आणि तिथल्या हवेची वाखाणणी त्याने सुरू केली. साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याच्या सांगण्यावरून प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर जाण्याचा रस्ता करविला. आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ मध्ये तिथे आजारी गोऱ्या माणसांसाठी वसाहत घातली. जमीन सातारकरांची होती; तिच्या बदल्यात कंपनीने वाई प्रांतातील खंडाळा हे गाव दिले, आणि नव्या पेठेला माल्कमचे नाव लागले. त्या वेळी मुंबईहून पुण्यास रेल्वे नव्हती. बोरघाटातून आगगाडी जाऊ लागली ती १८६३ मध्ये. तेव्हा उन्हाळ्यात मुंबईतील साहेबाचे कुटुंब महाबळेश्वरास जावयाचे, तर त्याला दोन मार्ग मोकळे होते : एक, पनवेलहून घाट चढून पुणे-सातारा करीत जाण्याचा, दुसरा, समुद्राने. समुद्रमार्गी लोक नागोठण्याच्या खाडीत उतरत, किंवा बाणकोटला सावित्रीच्या मुखात शिरून भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत येत, आणि महाडाहून पोलादपूर, मग प्रतापगडाच्या पायथ्याचा पार घाट अशी वाट धरीत.

महाडच्या धक्क्यावर उतरल्यावर निवड सुरू होई. बायकामुलांसाठी पालखी, म्याना, डोली, पुरुषांसाठी तट्टू, सामानासाठी हमाल आणि लहान बैल. भोयांची संख्या, त्यांची मजुरी, रात्रीचा मुक्काम कुठे, घाट पहाटे चढावयाचा की सायंकाळी, हे सारे आधी ठरवावे लागे, आणि त्यासाठी मामलेदाराकडे चिठ्ठी पाठवावी लागे. आजच्या बोटीवर ज्या खिडकीशी उभे राहून सहलीचे पैसे भरतात, तिच्या जागी त्या काळी सरकारी यंत्रणा होती, आणि पैसे न भरता पुष्कळदा वेठीने काम निभावले जाई, एवढाच फरक. वर पोचल्यावर मग घोड्यावरून ‘पॉइंट’ पाहण्याचा कार्यक्रम. लिंगमळ्याचा धबधबा, जिथे वेण्णेचे पाणी पाचेकशे फूट खाली पडते. त्याच्या जोडीला धोबी धबधबा. आणि तिसरा तो, ज्याला चिनी माणसाचे नाव आहे. हे नाव कोठून आले, हे पाहिले पाहिजे. पूर्वेकडील वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले चिनी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवले होते. त्यांनी तिथे बटाटे व भाजीपाला पिकविला आणि टोपल्या विणल्या, रस्ते व बागा यांच्या कामावरही ते राबले, आणि १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. साहेब लोकांच्या मुली छत्र्या घेऊन ज्या धारेसमोर उभ्या राहत, तिला असे एका कैद्यांच्या वसाहतीचे नाव कायमचे चिकटले.

सावित्रीची ती वाट निर्धोक नव्हती. बाणकोटचे खाडीमुख वाळूच्या दांड्याने अडलेले. ओहोटीला गलबत आत शिरत नाही, आणि वारा फिरला तर दांड्यावरच्या लाटा होडी उलथवून टाकतात. १८५३ च्या डिसेंबरात मुंबई सरकारच्या नोकरीतील आर्थर मॅलेट याची पत्नी आणि अवघ्या महिन्याभराची मुलगी याच दांड्यावर खलाशांसह बुडाली; त्यांचे स्मारक बाणकोटास आहे. महाबळेश्वरच्या ज्या कड्यावरून सावित्रीचे खोरे दिसते, त्याला आर्थरचे नाव का पडले याविषयी दोन-तीन मते असली, तरी लोकांनी ते या दुर्दैवी माणसाशीच जोडून ठेवले आहे, आणि मला वाटते ते बदलण्याची खटपट कोणी करू नये. पुढे किनाऱ्याने नियमित आगबोटी सुरू झाल्या आणि सावित्रीवरच्या दासगावापर्यंत उतारू जाऊ लागले. १८७६ मध्ये आंबेनळीचा, म्हणजे त्या वेळच्या भाषेत फिट्झगेराल्ड, घाट खुला झाल्यावर महाडाकडून गाडीरस्ता वरपर्यंत पोचला. गाडीरस्ता झाला म्हणजे घोड्याचे काम संपले असे वाटेल. वस्तुतः तिथेच त्याचे दुसरे आयुष्य सुरू झाले. जे जनावर वर पोचण्यासाठी आवश्यक होते, ते वर पोचल्यावर करमणुकीसाठी ठेवले गेले. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये पाण्याच्या सोयीसाठी बांधविलेल्या वेण्णा तलावाच्या काठी आज जी घोड्यांची रांग उभी असते, तिची वंशावळ पार घाटातील त्या तट्टांपर्यंत मागे जाते, असे मी म्हणेन. ती जनावरांची नसेल, धंद्याची तरी खचित आहे. माथेरानची गोष्ट किंचित निराळी. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये ते ठिकाण पुढे आणले, १९०७ मध्ये आदमजी पीरभाईंनी नेरळहून छोटी आगगाडी वर नेली. पण मोटारींना तिथे मज्जाव असल्याने घोडा अजून वाहन म्हणून टिकून राहिला आहे, आणि घोडेवाला तिथे करमणूक विकत नाही, वाट विकतो.

युरोपातही हाच क्रम होता. पी. अँड ओ. कंपनीने १८४४ मध्ये भूमध्य समुद्रात विहाराच्या फेऱ्या सुरू केल्या तेव्हा कादंबरीकार थॅकरे याला फुकट तिकीट देऊन बोटीवर नेले, आणि त्याने त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. बोट याफा बंदरात थांबली असता उतारू जनावरांच्या पाठीवर बसून जेरुसलेमपर्यंत गेले आणि परत आले. रस्ता नव्हता, म्हणून घोडा होता. रस्ता झाल्यावरही घोडा राहिला, तो यादीत. जमैकातील ओचो रियोस बंदरी आज डन्स रिव्हर धबधबा आणि समुद्रात उतरणारे घोडे यांची जोडी लाखो प्रवाशांना दाखविली जाते. आणि मॉरिशसला पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या कुटुंबाला शामारेलचा धबधबा आणि उसाच्या जुन्या मळ्यांतील घोडेस्वारी यांत निवड करता येते. त्याच पोर्ट लुईत आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसे मुंबई बंदरातून गिरमिटावर गेली ती त्याच धक्क्यावर उतरली. त्यांच्यापुढे कोणी यादी ठेवली नाही, कोणता मळा हे मळेवाल्याने ठरविले. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवितात. बीड जिल्ह्यातील माणसाला ही गोष्ट फार परकी वाटू नये. दसरा झाला की त्याच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात, सहकुटुंब, बैलांसह. कोणत्या फडावर कोयता चालवायचा हे मुकादम सांगतो.

या भागात घोडा वाहन म्हणून उशिरापर्यंत टिकला, याचेही कारण आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. जिल्ह्याचा अव्वल तालुकदार आणि त्याच्या हाताखालचा तहसीलदार दौऱ्यावर निघाला, की घोडे, तंबू, मोतद्दार, चपराशी असा लवाजमा गावाच्या वेशीशी येऊन पडे आणि वैरणीची जबाबदारी पाटलावर येई. परळीला रेल्वे होती. जिल्ह्याच्या गावाला नव्हती. बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. म्हणजे मुंबई बंदरापासून कोकणकिनारा, गोवे, लक्षद्वीप अशी सहकुटुंब समुद्रसफर करण्याची ऐपत या जिल्ह्यातील काही घरांत आली, त्या वेळी घरापासून बंदरापर्यंत आगगाडीने जाण्याची सोय मात्र अद्याप नव्हती. इतिहासाचे टप्पे असे उलटसुलट पडतात.

तेव्हा नारायणगडाच्या पंचक्रोशीतील एखाद्या कुटुंबाने अशी सफर ठरवली आणि बंदरावरच्या सहलीत घोडा व धबधबा यांची निवड करावयाची ठरली, तर त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांना या विषयात बोलण्याचा अधिकार मुलांना वाटतो त्याहून पुष्कळ अधिक आहे. धबधब्याविषयी ते पहिला प्रश्न विचारतील तो महिन्याचा. कारण सफरीची यादी बाराही महिने तीच असते, धार तशी नसते. सह्याद्रीचे धबधबे पाहावयाचे तर पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र प्रवासाचा नव्हे. कोकणची बोटवाहतूक चालू होती तेव्हाही ती नारळी पौर्णिमेनंतरच पूर्ववत सुरू होई. सबब, एकाच सफरीत भरलेला धबधबा आणि शांत समुद्र ही दोन्ही सुखे या किनाऱ्यावर क्वचितच जुळतात, आणि कार्तिक-मार्गशीर्षात निघालेल्या कुटुंबाने घोड्याकडे झुकावे हे बरे. कपिलधारेची यात्रा ज्याने केली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

घोड्याविषयी त्यांचे प्रश्न आणखी बारीक असतील. खोगिराखाली घडी नीट आहे की नाही, तंग आवळल्यावर जनावर कान मागे पाडते काय, नाल झिजलेली आहे काय, सकाळपासून ते कितव्यांदा हाच चढ चढत आहे, आणि दुपारी त्याच्या तोंडाला तोबरा लागतो की नाही. लहान मुलाला बसवावयाचे तर लगाम धरणारा घोडेवाला घोड्याच्या डाव्या खांद्याशी चालतो, की पुढे फोनवर बोलत जातो, हेही. यांतले एकही छापील यादीत नसते. त्यात उंची, वजन आणि वयाची अट असते, ती स्वारासाठी, आणि घोड्याचे वय कोठेच लिहिलेले नसते. घोड्याचे वय दातांवरून काढतात.

ते दात पाहण्याची जागा बंदरावर नाही, ती बाजारात आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा जो बाजार भरतो, आणि नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षाच्या अखेरीस घोडे, गाढवे, उंट यांची जी खरेदी-विक्री चालते, तिथे अजूनही माणसे एका हाताने ओठ वर करून दात बघतात, मानेवरून देवमण शोधतात, आणि दोघांच्या रुमालाखाली बोटांनी भाव ठरतो. बीडकडची मंडळीही माळेगावला जातात, काही विकत घेण्यासाठी, पुष्कळशी नुसती बघण्यासाठी. तिथे घोड्यावर बसण्याचे भाडे कोणी घेत नाही. गिऱ्हाईक खरोखरीचे आहे असे वाटले, तर विकणाराच लगाम त्याच्या हातात देतो आणि चाल बघून घ्या म्हणून सांगतो.